नोकरी सोडून सांगानेरला येऊ पाहणाऱ्यांस

प्रिय मित्रमैत्रिणींनो,



हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला नाही. पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून हिवाळ्यात जयपूर बघायला येणाऱ्या, त्यातले एक-दोन दिवस सांगानेरच्या छपाईघरात ठसेकाम शिकण्यात घालवणाऱ्या आणि जाताना ‘नोकरी सोडून हेच करावं असं वाटतंय’ म्हणणाऱ्या सगळ्यांना आहे. तुम्ही हे हसत म्हणता, पण सहज म्हणत नाही, हे मला कळतं. त्यामागे कितीतरी रविवार-संध्याकाळींचा जीव नकोसा करणारा ताण असतो.

मी मूळची इचलकरंजीची. मागांच्या आवाजात वाढले, लग्नानंतर जयपूरला आले, आणि आता सांगानेरच्या छपाईघरांतून बाहेर पडणाऱ्या कापडाची तपासणी करते. ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायची, जोड चुकला असेल, रंग पसरला असेल, डाग पडला असेल तिथे खूण करायची, हे माझं काम. त्यामुळे छपाईच्या मेजाच्या दोन्ही बाजू मला दिसतात. एका बाजूला तुम्ही असता. समोर ज्यानं तुमच्या हातात ठसा दिला तो छिप्याचा, म्हणजे पिढीजात कापड छापणाऱ्याचा, मुलगा असतो. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारता, की इथे एखादी शेड भाड्यानं केवढ्याला मिळेल. आणि तुम्ही गेल्यावर तो विचारतो, की या पाहुण्यांच्या कंपनीत आपल्याला काही काम मिळेल का. तुम्हाला त्याच्या जागी यायचंय, त्याला तुमच्या जागी जायचंय. दोघांचाही प्रश्न खरा आहे, म्हणूनच दोघांना एकच उत्तर देता येत नाही.

आधी काम कसं असतं ते सांगते. तुम्ही पाहिलंत तेवढं नव्हे, पूर्ण.

ठसा सागवानाचा किंवा शिसवीचा. कोरून झाला की तेलात मुरत ठेवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. ठोका दिल्यावर आत कोंडलेली हवा आणि जादा रंग निघून जावा म्हणून त्यात बारीक भोकं पाडलेली असतात, त्यांना इथे पवनसार म्हणतात. एका फुलाला एकच ठसा पुरत नाही. कडेच्या रेषेचा तो रेख, जमिनीचा तो गद, आत रंग भरायचा तो दत्ता. सांगानेरची ओळख पांढऱ्या किंवा मळकट पांढऱ्या जमिनीवरची नाजूक बुटी. तिथे चूक लपायला जागाच नाही. बगरू गावच्या मातीच्या दाबू छपाईत गडद जमीन बरंच पोटात घेते, सांगानेरी मलमल काहीच पोटात घेत नाही.

आता हिशेब करू. पाच इंचांचा ठसा धरा. पंचेचाळीस इंच पन्ह्यात ओळीला नऊ ठसे बसतात. साडेपाच मीटरच्या साडीत अशा त्रेचाळीसेक ओळी. म्हणजे एका रंगाला जवळजवळ चारशे ठोके आणि तीन रंगांना बाराशेच्या आसपास. एका साडीला. उभं राहून, मेजाच्या कडेनं सरकत, मुठीच्या त्याच भागानं. रंग कालवणं, कापड धुणं, ताणून टाचण्या लावणं, वाळवणं, रंगाच्या जातीप्रमाणे वाफवणं हे सगळं वेगळं. पावसाळ्यात कापड वाळत नाही, म्हणजे काम पुढे सरकत नाही, म्हणजे मजुरीही थांबते, कारण मजुरी मीटरवर असते. तुम्ही डिसेंबरात येता. तेव्हा ऊन कोवळं असतं, हवा कोरडी असते, आणि तुमच्या वाट्याला एक रुमाल किंवा एक पिशवी असते. तिचा आनंद खरा आहे. पण तो छपाईचा आनंद नाही, पहिल्या वेळेचा आहे.

छपाईचा आनंद मी दुसऱ्या एका माणसाच्या हातात पाहते. ते वयानं साठीकडे झुकलेले कारागीर आहेत, त्यांच्या हातचं कापड बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे येतं. दमट हवेत लाकूड फुगतं आणि रेखेच्या आत दत्ता नीट बसेनासा होतो. अशा वेळी ते ठसा बदलत नाहीत, थांबत नाहीत. केसभर तिरका धरतात, ठोका एका कडेला जरा हलका देतात, आणि जोड मिळतो. रोज जोड तपासणं हेच माझं काम, तरी त्यांनी तो कुठे सांभाळून घेतला हे मला कापडावर शोधून सापडत नाही. दिवसातल्या शेवटच्या साडीतही ते हे करतात. कुणी बघत नसताना करतात. कामातलं समाधान म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी त्याला त्यांच्या मेजाशी नेऊन उभं करीन.

आणि त्यांचाच मुलगा हे काम सोडू पाहतोय.

त्याला काम आवडत नाही असं अजिबात नाही. लहानपणापासून रंगाच्या ट्रेशी खेळलेला मुलगा आहे तो. पण त्याच्या घराच्या मागेच लांबच लांब मेजांवर स्क्रीन छपाई चालते. दोन माणसं जाळी उचलतात, ठेवतात, रंग ओढतात, आणि वडिलांचा दिवसभराचा माल दुपारपर्यंत होतो. त्याहून पुढे डिजिटल यंत्रं आली, ती तर ठशाचा जोड जरा चुकल्याचा आभाससुद्धा मुद्दाम छापतात. ग्राहकाला फरक कळत नाही, आणि कळला तरी तो त्याचे पैसे मोजेलच असं नाही. सांगानेरी हातछपाईला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण बाजारातल्या प्रत्येक ‘सांगानेरी’ चादरीची पाठ कोण उलटून बघणार? शिवाय पाणी. ज्या पाण्यासाठी छिपे इथे वसले, ते द्रव्यवती नदीचं पाणी रंगानं खराब झालं. या नदीला लोक अमानीशाह नाला म्हणतात. उच्च न्यायालयात खटले चालले, छपाई-रंगाईचे कारखाने इथून हलवण्याचे आदेश निघाले, सामाईक सांडपाणी प्रकल्प उभा राहिला. आपल्या घरचा धंदा उद्या याच जागेवर असेल का, हे माहीत नसताना तरुण मुलानं कशाच्या भरवशावर लग्न करावं, कर्ज काढावं?

तेव्हा पाहा, त्याला सोडायचंय ते काम नाही. त्याला सोडायची आहे मजुरी, अनिश्चितता, आणि सोयरिकीच्या वेळी ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला उत्तर देताना बापाचा खाली जाणारा आवाज.

तुमच्याही बाबतीत हेच तपासून पाहा, एवढंच मला आधी म्हणायचंय. तुम्ही म्हणता, नोकरीत राम उरला नाही. नेमका कशात उरला नाही? कामात, की कामाभोवतीच्या गोष्टींत? हिंजवडीच्या रस्त्यावर रोज जाणारे तास, रात्री अकराला येणारा वरिष्ठाचा निरोप, केलेल्या कामाचं पुढे काय होतं हे कधीच न कळणं, हे सगळं गेलं आणि हातात फक्त तुमचं मूळ काम उरलं, तर ते कराल का? ‘हो’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला व्यवसाय बदलायचा नाही. तुम्हाला जागा बदलायची आहे, किंवा विभाग, किंवा तोंड उघडून एक स्पष्ट मागणी करायची आहे. अशी मागणी न करताच राजीनामा लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. ‘नाही’ असं उत्तर आलं, त्या कामाचा गाभाच नकोसा झाला असेल, तर मग कितीही पगारवाढ झाली तरी तो नकोसाच राहणार. तेव्हा जरूर बाहेर पडा.

काम सोडावं का, या प्रश्नाचं आपल्या मराठी मनात एक तयार उत्तर असतं, आणि ते संतांकडून आलेलं आहे. सांगानेरात राहायला आल्यावर मला त्याची जास्तच जाणीव झाली, कारण इथले कितीतरी छिपे स्वतःला नामदेववंशी म्हणवतात. आपले शिंपी नामदेव, पंढरपूरचे, इथे छपाईवाल्यांचे नामदेव आहेत. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे आणि 2015 साली आपलं अखिल भारतीय साहित्य संमेलन तिथे भरलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. त्याच ग्रंथात कबीरांच्या श्लोकांमध्ये एक संवाद येतो. मित्र त्रिलोचन नामदेवांना टोकतात, की कापड छापण्यात काय अडकून पडलात, रामाकडे लक्ष लावा. त्यावर नामदेवांचं म्हणणं असं, की तोंडी नाम असू दे, हातपाय आपलं काम करू देत, चित्त परमेश्वराशी असलं म्हणजे झालं. हे त्रिलोचनही परंपरेनं आपल्या बार्शीचे मानले जातात. महाराष्ट्रातली दोन माणसं, आणि विषय कापडाच्या छपाईचा! मला हा संवाद फार जवळचा वाटतो. काम सोडल्यानं मन मोकळं होत नाही, काम करतानाही ते मोकळं ठेवता येतं, हे त्यात आहे. मळ्यातले सावता माळी, मडकी घडवणारे गोरोबा, जात्यावरच्या जनाबाई यांचंही सांगणं यापेक्षा फार निराळं नाही.

पण हे उत्तर सगळ्यांना सारखंच देऊ नका. दुसऱ्याला तर मुळीच देऊ नका. ज्याचं काम त्याच्या जन्मानं ठरवलं, ज्याला ते सोडायची मुभाच नव्हती, त्याला ‘कामात समाधान मान’ म्हणणं हा अन्याय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं ते महारांना गावकीच्या वेठीतून सोडवण्यासाठी. पुढे 1936 साली ‘जातिसंहारा’वरच्या पुस्तिकेत त्यांनी दाखवून दिलं, की माणसाला धंदा बदलू न देणारी जात हीच बेकारीचं मोठं कारण ठरते. म्हणून छिप्याच्या घरातली एखादी मुलगी नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं सांगते, तेव्हा मी तिला एका शब्दानंही ‘मग तुमच्या कलेचं काय’ असं विचारत नाही. जा, शिक, मोठी हो, एवढंच म्हणते. वारसा जपायचं ओझं तिच्या एकटीच्या खांद्यावर टाकायचा हक्क ना मला आहे, ना तिच्या घरचं कापड घासाघीस करून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला.

सांगानेरात आणखी एक जागा आहे, जिथे काम निवडणं म्हणजे काय हे कळतं. 1963 पासून इथे खुलं कारागृह आहे, राज्यपाल राहिलेल्या संपूर्णानंदांच्या नावाचं. तिथले कैदी कुटुंबासह राहू शकतात, सकाळी बाहेर पडून स्वतःचं काम शोधतात, कमावतात, आणि संध्याकाळच्या हजेरीला परततात. त्यांना कुणी आवडीचं काम देत नाही, मिळेल ते करावं लागतं. तरी आपल्या पायांनी कामावर जाणं ही त्यांच्यासाठी केवढी गोष्ट असेल! हे तुमची तक्रार लहान ठरवण्यासाठी सांगत नाही. तुमच्या हातात निवड आहे, ती नीट वापरा, एवढ्यासाठी सांगते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती.

तुम्ही ठसे शिकायला येता तेव्हा सांगानेरच्या दुसऱ्या वस्तीत सहसा जात नाही. ती कागदींची वस्ती. आमेरच्या राजा मानसिंहांनी त्यांच्या पूर्वजांना आणलं आणि पाण्यासाठी ते सांगानेरला स्थिरावले, असं ते सांगतात. पिढ्यान् पिढ्या त्यांनी वह्या-दप्तरांचा कागद केला. गिरणीचा कागद आला आणि तो धंदा बसला. त्यांनी कागद सोडला नाही, पण वहीचा कागद सोडला. आज होजिअरीच्या कापडाच्या चिंध्या भिजवून, कुटून, त्याच हातांनी ते भेटकार्डं, पिशव्या, रोजनिशा, फुलांच्या पाकळ्या घातलेले कागद करतात आणि ते परदेशी जातात. धंदा तोच, माल बदलला, गिऱ्हाईक बदललं. सोडणं आणि चिकटून राहणं या दोहोंच्या मधली ही वाट तुमच्या चर्चेत कधी येत नाही.

त्याच सांगानेरात हातकागदाची राष्ट्रीय संस्था आहे, तिला जे. सी. कुमारप्पांचं नाव आहे. पाटीवर ते नाव वाचून किती जण थांबत असतील कोण जाणे. तंजावरकडचे कुमारप्पा लंडनमध्ये शिकून आलेले हिशेबतपासनीस. मुंबईत त्यांचा व्यवसाय उत्तम चालला होता, साहेबी थाटाचं राहणं होतं. अमेरिकेत जाऊन त्यांनी सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला, आणि ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानचा पैसा कसा जातो हे एका लेखात आकड्यांतून मांडलं. 1929 साली तो लेख घेऊन ते गांधीजींना भेटले आणि त्यांचं आयुष्य वळलं. तेव्हा ते सदतिशीच्या आसपास होते, म्हणजे तुमच्यातल्या पुष्कळांच्याच वयाचे. पुढे 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत बसून त्यांनी त्याचा संसार चालवला. तेलघाणी, मधमाश्या, हातकागद.

सूटबूट सोडून खादीत आलेले कुमारप्पा, एवढीच गोष्ट आपण सांगतो. मला त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी चरख्यावर बसून आधीची विद्या पुसून टाकली नाही. गुजरातेतल्या मातर तालुक्याची गावोगाव फिरून आर्थिक पाहणी केली ती हिशेबतपासनिसाच्या शिस्तीनं. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे पैसे सांभाळले ते त्याच शिस्तीनं. गावच्या तेलघाणीवाल्याला, कागद कुटणाऱ्याला कुणी तरी पै न् पैचा हिशेब मांडून हवा होता, आणि तो मांडता येणारा माणूस चालत त्यांच्याकडे आला होता. त्यांनी व्यवसाय बदलला असं म्हणण्यापेक्षा आपली विद्या कुणासाठी वापरायची ते बदललं, असं मी म्हणेन.

मित्रांनो, सांगानेरला आणखी ठोके देणारे हात नको आहेत. ते इथे आहेत, तुमच्यापेक्षा कितीतरी पटीनं चांगले आहेत, आणि पुरेशी मजुरी नाही म्हणून उठून चालले आहेत. तुम्ही शेड घेऊन, दोन कारागीर ठेवून स्वतःचा ब्रँड काढलात, तर त्यांना मिळणाऱ्या किमतीवरच तुम्हाला नफा काढावा लागेल, हे आधी कबूल करा. पण तुमच्यातली एक जण रसायन अभियंता होती. तिला बुटी छापायची होती. रंगाचं पाणी छोट्या छपाईघराला परवडेल अशा खर्चात साफ कसं करायचं, हा इथला जीवनमरणाचा प्रश्न आहे आणि ती त्याच विषयात नोकरी करत होती! कुणी खर्चाचा लेखाजोखा करणारे असता. इथल्या बहुतेक घरांना एका मीटरमागे आपले नेमके किती पैसे खर्च होतात हे कधी कुणी मांडून दाखवलेलं नाही, म्हणून व्यापारी सांगेल तो भाव ती घेतात. कुणी वकील असता, आणि खोटं सांगानेरी विकणाऱ्याविरुद्ध मानांकनाचा कागद कसा वापरायचा हे इथे क्वचितच कुणाला माहीत असतं. ज्या कामाला तुम्ही कंटाळलात, त्याचीच इथे गरज आहे. कदाचित तुम्ही त्या कामाला कंटाळलाच नसाल, ते कुणाच्या उपयोगी पडतंय हे दिसत नाही त्याला कंटाळला असाल.

एवढं वाचूनही ज्याला ठसाच हातात धरायचा आहे, त्यानं जरूर यावं, मी अडवणार नाही. पण राजीनामा देऊन येऊ नका, सुट्टी काढून या. डिसेंबरात येऊ नका, श्रावणात या, कापड वाळत नसतं तेव्हा. उस्तादाला त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि एकाच रंगाच्या, एकाच ठशाच्या साड्या मागून घ्या. पहिल्या नव्हे, पाचव्या साडीलाही तो जोड जुळवण्यात मन लागलं, रात्री खांदा दुखत असताना उद्याच्या ओळीचा विचार आला, तर घरच्यांशी बोला, वर्षभराच्या खर्चाची तजवीज करा आणि मग निर्णय घ्या. नाही लागलं, तर आपल्या कामावर परत जा. त्यात कमीपणा कसला?

आणि जे ठसा न धरता आपली विद्या घेऊन येतील, त्यांच्यासाठी शनिवार-रविवारचं कामही भरपूर आहे. त्यासाठी नोकरी सोडावीही लागणार नाही. खर्चाची वही मांडून देणारा एक जण आणि सांडपाण्याचं जाणणारी एक जण, एवढी दोन माणसं जरी या पावसाळ्याआधी आली, तरी मी ओळखीच्या छपाईघरांतून त्यांना घेऊन फिरेन.



तुमची,
सांगानेरातली एक कापड तपासनीस